खेपेचा भागाकार

सकाळी 7. रत्नागिरीजवळची मिरजोळे एमआयडीसी. कारखान्याच्या गेटबाहेर ट्रकची रांग. ड्रायव्हर टायरवर दांडा आपटून हवा अजमावतो, ऑईल-पाणी बघतो. खेप कोल्हापूरची, माल गोकुळ शिरगावला उतरवायचा. महिन्याला 18,000 पगार आणि या खेपेला 800 भत्ता, असं हिशेबापुरतं धरू.

9. रिकाम्या गाडीचं वजन झालं. "नंबर आला की हाक मारतो, लांब जाऊ नका." म्हणजे धड झोपही नाही, धड कुठे जाणंही नाही.

11. माल भरला. पुन्हा काटा, मग ताडपत्री. दोरी हुकात अडकवायची, पाय रेटून ताणायची आणि गाठ मारायची. सैल राहिली आणि घाटात पाऊस लागला, तर माल भिजतो आणि बोलणी ड्रायव्हर खातो.

12. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात आली. हातखंबा, पाली, साखरपा. आंबा घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरवर रांगते.

संध्याकाळी 5. गोकुळ शिरगाव. पुन्हा रांग. हमाल 7 ला हात लावतात.

रात्री 9. गाडी मोकळी. जेवून केबिनमध्येच आडवं व्हायचं. डिझेल कोणी काढू नये म्हणून एक कान उघडा.

पहाटे 5. परतीचं भाडं नाही. रिकामी गाडी 10 ला मिरजोळ्यात.

दोन दिवसांचा पगार 1,200, भत्ता 800, झाले 2,000. चाक फिरलं 10 तास. म्हणजे तासाला 200, आणि शेठ हाच आकडा सांगतो. पण बाहेरच्या खाण्याचे 400 वजा करा, रांगेतले तास धरा: 1,600 भागिले 19, म्हणजे 84 रुपये. झोपेचे 8 तासही धरले तर 59. ते धरायलाच हवेत. गाडी राखत झोपणं ही राखणच.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं नुसत्या हजेरीचा 15 मिनिटांहून कमी वेळच कामात धरला होता. इथे रांग तासांची. गाडी अडकली की मालक पार्टीला हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचं भाडं, लावू शकतो. ड्रायव्हरच्या खोळंब्याला दरच नसतो.

भत्ता 100 नं वाढला, तर तासाला 4 रुपयेही पडत नाहीत. रांगेतले 3 तास वाचले, तर 7 पडतात. भत्तावाढीआधी हॉल्टिंगमधला वाटा मागावा, तो यासाठी: ड्रायव्हरच्या खोळंब्याला दर लागला, तर रांग लांबवणं परवडणार नाही.