शिळ्या मागाचा माणूसवेडा

ब्लडहाउंड काम करताना पाहायला जाणाऱ्याने जुने कपडे घालून जावं. शोध संपला की हा चाळीस-पन्नास किलोंचा कुत्रा सापडलेल्या माणसाच्या अंगावर पुढचे पाय टाकतो आणि त्याला लाळेने भिजवून काढतो. गुरगुरणं नाही, चावणं नाही. पोलिसी कुत्रा म्हणून कोणी दरारा बघायला आलेला असेल, तर त्याची निराशाच होते.

हरवलेल्याचा मोजा हुंगवायचा, छातीपट्टा चढवायचा, लांब दोर सैल सोडायचा. एवढी तयारी पुरते. पुढे कुत्रा मालक आणि माणूस नोकर! माणसाच्या अंगावरून झडणारे त्वचेचे कण वारा बाजूला नेतो, म्हणून माणूस रस्त्याने गेलेला असला तरी कुत्रा कडेच्या गवतातून जातो. नवशिका हँडलर त्याला ओढून रस्त्यावर आणतो आणि माग तिथेच मोडतो.

‘नाकात तीस कोटी गंधपेशी,’ असं हँडलर मंडळी अभिमानाने सांगतात. तीस कोटी कोणी मोजल्या, हे विचारू नये. आपला कारवानी कुत्रा सशाला नजरेत धरून धावतो. ब्लडहाउंडला शिकार दिसायची गरजच नसते. केंटकीतल्या कॅप्टन मलिकिनच्या निक कार्टर नावाच्या ब्लडहाउंडने 105 तासांचा शिळा माग काढल्याची नोंद सांगितली जाते.

परंपरेनुसार ही जात आजच्या बेल्जियममधल्या आर्डेनच्या जंगलातली. तिथल्या सेंट ह्युबर्ट मठातले साधू हे कुत्रे पाळत आणि फ्रान्सच्या राजाला नजराणा म्हणून धाडत. बेल्जियममध्ये अजूनही मठाचंच नाव चालतं. हरणा-डुकरांमागे धावणारं हे नाक पुढे स्कॉटलंडच्या सीमेवर गुरंचोरांच्या मागावर लागलं.

या जातीवर एक डाग आहे. अमेरिकेत पळालेल्या गुलामांमागे ‘ब्लडहाउंड’ सोडत. त्यातले बरेचसे क्यूबन किंवा संकरित, चावायला शिकवलेले कुत्रे होते. बदनामी मात्र या लाळगळ्या, रडव्या चेहऱ्याच्या प्राण्याच्या वाट्याला आली. दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेली माणसं त्यातून सहीसलामत सुटली.

जून 1977 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी जेम्स अर्ल रे टेनेसीच्या ब्रशी माउंटन तुरुंगातून पळाला. सुमारे 54 तासांनी तो डोंगरात पाचोळ्याखाली दडलेला सापडला. माग काढणाऱ्या दोघी ब्लडहाउंड कुत्र्या होत्या: सँडी आणि लिटल रेड.