घरचे मैदान नसलेला संघ: मुंबई मॅजिशियन्सचा पहिला मोसम

दिनांक १३ जानेवारी २०१३. मुंबईत चर्चगेट स्थानकाजवळच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर 'मुंबई मॅजिशियन्स' या नव्या व्यावसायिक संघाचा सराव चालू होता. हॉकी इंडिया लीगचा पहिला मोसम सुरू होण्यास अवघा एक दिवस उरला होता. त्याच वेळी शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी स्टेडियमवर निदर्शने केली. संघातील पाकिस्तानी खेळाडूंना खेळू देऊ नये, अशी त्यांची मागणी होती. त्यानंतर दोन दिवसांत संघाने चार खेळाडू गमावले आणि शहरातील मैदानही गमावले.

या घटनेला पार्श्वभूमी होती ती सीमेवरील तणावाची. ८ जानेवारी रोजी जम्मू-काश्मीरमधील मेंढर क्षेत्रात नियंत्रण रेषेजवळ दोन भारतीय जवान मारले गेले होते आणि देशभर संतापाची भावना होती. क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये २००८ च्या पहिल्या मोसमानंतर पाकिस्तानी खेळाडू दिसले नव्हते. हॉकीच्या लीगने मात्र नऊ पाकिस्तानी खेळाडूंना करारबद्ध केले होते. मेहमूद रशीद, फरीद अहमद, मुहम्मद तौसीक आणि गोलरक्षक इम्रान बट हे त्यांपैकी चौघे एकट्या मुंबईकडे होते.

निदर्शनांनंतर मुंबईतील सामने दिल्लीच्या मेजर ध्यानचंद राष्ट्रीय स्टेडियममध्ये हलवण्याचा निर्णय झाला. १५ जानेवारी रोजी सर्व नऊ पाकिस्तानी खेळाडूंना मायदेशी परत पाठवण्याचे ठरले. कराराची संपूर्ण रक्कम त्यांना देण्यात येईल, असे हॉकी इंडियाने जाहीर केले. खेळाडूंचा हिशेब अशा रीतीने मिटला. संघाचा मिटला नाही.

विभागाचा संघ आणि शहराचा संघ

या लीगमध्ये नवे काय होते, हे समजून घेण्यासाठी जबलपूरसारख्या शहराकडे पाहणे उपयुक्त ठरते. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातील हे शहर १९५६ पर्यंत मराठी मुलखाशी एकाच प्रशासनाने जोडलेले होते आणि तेथे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया येथील दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना आणि रेल्वे यांच्या वसाहतींभोवती हे शहर वाढले. अविनाश कौर सिद्धू आणि मधू यादव यांच्यासारख्या महिला हॉकीपटू याच शहराच्या.

अशा शहरांत खेळाडू 'अमुक शहराचा' म्हणून नव्हे, तर 'अमुक खात्याचा' म्हणून ओळखला जाई. रेल्वे, पोलीस, सेनादले, बँका, विमान कंपन्या आणि संरक्षण कारखाने यांचे संघ स्पर्धांत उतरत. खेळाडूला नोकरी मिळे आणि निवृत्तीपर्यंतचा आधार मिळे. पुण्यातील खडकीची कथा याच धाटणीची आहे. चार ऑलिम्पिक खेळलेले धनराज पिल्ले तेथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढले. त्यांचे वडील मैदानाची निगा राखत असत. मुंबईच्या मैदानावरील आगाखान चषक किंवा मुंबई सुवर्ण चषक यांसारख्या स्पर्धांत प्रेक्षक येत ते खेळ पाहण्यासाठी. मैदानातील दोन्ही संघ अनेकदा सरकारी खात्यांचेच असत आणि त्यांच्यापैकी कोणाशीही प्रेक्षकाचे 'आपला संघ' असे नाते असेलच, असे नव्हते.

व्यावसायिक लीग ही या व्यवस्थेच्या नेमकी उलट बाजूची कल्पना आहे. येथे संघ शहराच्या नावाने उभा राहतो, मालक त्यात पैसा गुंतवतो आणि तो पैसा तिकिटे, स्थानिक जाहिरातदार व दूरचित्रवाणी यांतून परत यावा, अशी अपेक्षा असते. सगळी मांडणी एका गृहीतकावर उभी असते. शहरातील लोकांना आपल्या नावाचा संघ आपल्या डोळ्यांदेखत खेळताना दिसला पाहिजे.

भारतात असे प्रयोग यापूर्वीही झाले होते. २००५ ते २००८ या काळात चाललेल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये 'मराठा वॉरियर्स' हा संघ होता आणि धनराज पिल्ले त्यातून खेळले. २०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी ही स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात २ एप्रिल रोजी शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सला ५-२ असे हरवले. हॉकी इंडियाने या स्पर्धेला मान्यता दिली नव्हती. तिचा दुसरा मोसम झालाच नाही. मैदानावर जिंकण्या-हरण्यापेक्षा लीग टिकते की नाही, हाच भारतीय हॉकीतील मोठा प्रश्न राहिला आहे.

कागदावर भक्कम संघ

हॉकी इंडियाने २०१३ मध्ये आणलेल्या लीगला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता होती. पाच संघ होते: दिल्ली वेव्हरायडर्स, पंजाब वॉरियर्स, रांची ऱ्हायनोज, उत्तर प्रदेश विझार्ड्स आणि मुंबई मॅजिशियन्स. मुंबईची मालकी डाबर उद्योगसमूहाच्या बर्मन कुटुंबाकडे होती. १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत खेळाडूंचा लिलाव झाला. सरदार सिंगला दिल्लीने ७८ हजार डॉलरला घेतले. मुंबईने पेनल्टी कॉर्नरवरील जोरकस ड्रॅगफ्लिकसाठी प्रसिद्ध असलेल्या संदीप सिंगसाठी ६४ हजार ४०० डॉलर मोजले. त्याची पायाभूत किंमत २७ हजार ८०० डॉलर होती. गोलरक्षक पी. आर. श्रीजेशही मुंबईकडे आला. धारावी-वरळीच्या गल्ल्यांतून नव्हे, तरी मुंबईच्याच मैदानांवर घडलेला युवराज वाल्मीकी मात्र दिल्लीच्या संघात गेला. शहराच्या नावाचा संघ आणि त्या शहराचा खेळाडू यांची अशी ताटातूट लिलावपद्धतीत नेहमीच होते.

प्रशिक्षक म्हणून मुंबईने रिक चार्ल्सवर्थ यांना आणले. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला १९९६ आणि २००० च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक, तर पुरुष संघाला २०१० चा विश्वचषक मिळवून देणारे हे प्रशिक्षक. इतक्या मान्यवर प्रशिक्षकाच्या संघाची स्पर्धेत अशी परवड व्हावी, हे अनेकांना अनपेक्षित होते.

गुणपद्धतीही वेगळी होती. विजयाला ५ गुण, बरोबरीला २ गुण आणि दोन किंवा त्याहून कमी गोलांनी हरल्यास १ गुण. थोडक्यात हरणाऱ्या संघालाही स्पर्धेत जिवंत ठेवण्याचा त्यामागे हेतू होता. प्रत्येक संघाला साखळीत १२ सामने होते आणि पाचांपैकी चार संघ उपांत्य फेरीत जाणार होते. म्हणजे बाहेर पडायचे ते एकाच संघाने. तो संघ मुंबईचा ठरला.

मोसमाचे आकडे पाहिले तर एक विसंगती लगेच नजरेत भरते. संदीप सिंगने १२ सामन्यांत ११ गोल केले. संपूर्ण स्पर्धेत त्याच्याइतके गोल दुसऱ्या कोणीही केले नाहीत. सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तळाच्या संघात असणे हे हॉकीत तितकेसे दुर्मीळ नाही, कारण पेनल्टी कॉर्नरवर एकटा निष्णात खेळाडू धावफलक हलवू शकतो. सामना मात्र बचावफळी आणि मधली फळी जिंकून देतात. संघबांधणी लिलावाच्या दिवशी ठरते. त्यातील चार खेळाडू स्पर्धेच्या तोंडावर निघून गेले, तर उरलेल्या दिवसांत ती पोकळी भरून काढण्यास वेळच नसतो. स्पर्धा १४ जानेवारीला सुरू झाली आणि १० फेब्रुवारीला संपली. रांचीने अंतिम सामन्यात दिल्लीला २-१ असे हरवून विजेतेपद मिळवले.

पराभवाचे सर्व खापर राजकारणावर फोडणे योग्य ठरणार नाही. इतर संघांनीही पाकिस्तानी खेळाडू गमावले होते आणि त्यांनी उपांत्य फेरी गाठली. मुंबईच्या वाट्याला मात्र दोन्ही आघात एकदम आले. प्रतिस्पर्धी संघ प्रवास संपवून आपल्या गावी, आपल्या टर्फवर, आपल्या प्रेक्षकांसमोर परतत. कृत्रिम हिरवळीचा वेग, तिच्यावर मारलेले पाणी, चेंडूची उसळी या गोष्टी सरावानेच अंगवळणी पडतात. मुंबईच्या खेळाडूंना ही सवय कोठेच लागणार नव्हती. आणि मालकांच्या दृष्टीने पाहिले, तर मुंबईच्या नावावर विकत घेतलेला संघ मुंबईकरांना दाखवताच आला नाही.

मॉन्ट्रियलमधील आग

लीगच्या पहिल्याच मोसमात घर गमावणारा मुंबई हा पहिला संघ नव्हे. हॉकी या नावाचाच, पण बर्फावर खेळला जाणारा जो खेळ कॅनडात वाढला, त्याच्या इतिहासात याहून कठोर उदाहरण सापडते.

नॅशनल हॉकी लीग ही आज जगातील सर्वांत मोठी आइस हॉकी लीग समजली जाते. तिची स्थापना २६ नोव्हेंबर १९१७ रोजी मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलमध्ये झाली. स्थापनेमागचे कारण फारसे उदात्त नव्हते. आधीच्या संघटनेतील मालकांना टोरंटो संघाचे मालक एडी लिव्हिंगस्टन यांच्यापासून सुटका हवी होती. तेव्हा त्यांना वगळून नवीच संघटना काढण्यात आली. पहिल्या मोसमात चारच संघ उतरले: मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, मॉन्ट्रियल वाँडरर्स, ओटावा आणि टोरंटो.

वाँडरर्स हा त्यांतला मानाचा संघ. १९०६ ते १९१० या काळात त्याने स्टॅनले चषक वारंवार जिंकला होता. पण पहिले महायुद्ध चालू होते, तरुण खेळाडू सैन्यात गेले होते आणि संघ विरळ झाला होता. १९ डिसेंबर १९१७ रोजी वाँडरर्सने लीगमधील आपल्या पहिल्या सामन्यात टोरंटोला १०-९ असे हरवले. हॅरी हायलंडने पाच गोल केले. तो पाहण्यास सुमारे ७०० प्रेक्षक होते. गणवेशातील सैनिकांना प्रवेश विनामूल्य होता, तरीही. पुढचे तीन सामने वाँडरर्सने गमावले.

त्यानंतर २ जानेवारी १९१८ रोजी त्यांचे मैदान, वेस्टमाउंट येथील मॉन्ट्रियल अरीना, आगीत भस्मसात झाले. खेळाडूंचे साहित्यही त्यात गेले. बर्फावरच्या हॉकीत मैदान म्हणजे मोकळी जागा नसते. ती छप्पर, बाके आणि बर्फाचा पृष्ठभाग असलेली इमारत असते आणि एका शहरात अशा इमारती मोजक्याच असतात. मालक सॅम लिक्टनहाइन यांनी इतर संघांनी आपल्याला खेळाडू द्यावेत, असा आग्रह आधीपासूनच धरला होता. तो मान्य झाला नाही. हॅमिल्टन शहराने वाँडरर्सला आपले मैदान देऊ केले होते, तरीही ४ जानेवारीला त्यांनी संघ मागे घेतला. एक विजय, तीन पराभव आणि न खेळता गमावलेले दोन सामने, एवढीच या संघाची लीगमधील नोंद आहे.

विशेष म्हणजे त्याच आगीत कॅनेडियन्सचेही घर गेले होते, कारण दोन्ही संघ एकाच अरीनात खेळत. कॅनेडियन्स शहरातीलच लहानशा ज्युबिली रिंकमध्ये गेले आणि मोसम पूर्ण केला. हा संघ आजही खेळतो. मैदान जळल्यामुळे वाँडरर्स संपले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य म्हणावे लागेल. खेळाडू, प्रेक्षक आणि मालकाचा उत्साह या तिन्ही गोष्टी आधीच आटल्या होत्या.

त्यानंतर काय झाले

मुंबई मॅजिशियन्सने वाँडरर्सप्रमाणे अर्ध्यावर माघार घेतली नाही. सर्व सामने खेळून संघाने मोसम पूर्ण केला आणि २०१४ मध्ये तो पुन्हा लीगमध्ये उतरला. संदीप सिंग तोवर पंजाबकडे गेला होता. त्या मोसमानंतर हा संघ संपला. २०१५ पासून मुंबईचे प्रतिनिधित्व 'दबंग मुंबई' या नव्या संघाने केले. २०१७ मध्ये दबंग मुंबईने अंतिम फेरी गाठली, पण कलिंगा लान्सर्सने त्यांना ४-१ असे हरवले.

तो लीगचा शेवटचा मोसम ठरला. त्यानंतर सात वर्षे हॉकी इंडिया लीग झाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. महिलांची लीगही प्रथमच घेण्यात आली. तिच्या चार संघांतही नव्हता.

पुनरुज्जीवनाच्या त्या मोसमात संयोजकांनी एक महत्त्वाचा बदल केला. सामने संघांच्या शहरांत न ठेवता राउरकेला आणि रांची या दोनच ठिकाणी घेण्यात आले. त्यामुळे प्रवासाचा आणि मैदानांचा खर्च वाचला, आणि हॉकीवेड्या प्रदेशात प्रेक्षकही मिळाले. पण हैदराबाद किंवा दिल्लीच्या नावाने खेळणाऱ्या संघाला त्या शहरातील रहिवाशाने पाहायचे, ते दूरचित्रवाणीवरच. १ फेब्रुवारी २०२५ रोजी राउरकेल्याच्या बिरसा मुंडा स्टेडियमवर बंगालच्या संघाने हैदराबादला ४-३ असे हरवून विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यातील दोन्ही संघ आपापल्या शहरांपासून शेकडो किलोमीटर दूर होते.