गायकांच्या वह्या रद्दीत का जातात?

भीमजयंती आली की नालासोपारा-विरारच्या चाळींत गायन पार्ट्या उभ्या राहतात. प्रस्थापित विद्वानांना तो गोंगाट वाटतो. पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ प्रा. शर्मिला रेगे (१९६४-२०१३) यांना त्यात ज्ञान दिसले. १९९५ साली त्यांनी लावणी कलावंत स्त्रियांवर लिहिले. २००८ साली चैत्यभूमी-दीक्षाभूमीवरील पुस्तिका व भीमगीते अभ्यासून ही अंधभक्ती नव्हे, हे विद्यापीठीय जगाला ठणकावून सांगितले. आज त्या नाहीत. इकडे आमचा गायक गेला की त्याची गाण्यांची वही रद्दीत जाते. वसई-विरारच्या शिकलेल्या तरुणांनो, त्या वह्या जपा, हयात गायकांना बोलते करा. दरवेळी रेगे मॅडम येणार नाहीत!