वसई तालुका
वसई तालुका : महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील दक्षिणेकडील तालुका व मुंबई महानगराचे उत्तरेकडील बाह्य उपनगरी क्षेत्र. लोकसंख्या १३,४३,४०२ (२०११). पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी नव्याने झालेल्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला.

तालुक्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा नदीची खाडी असून पूर्वेस तुंगारेश्वर व कामणचे डोंगर आहेत. डोंगर व किनारा यांदरम्यान खाजणे व मिठागरे असलेला सखल पट्टा आहे. हवामान उष्ण व दमट असून पर्जन्य मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. किनाऱ्याच्या वालुकामय जमिनीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी वजनाने हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर थराच्या रूपाने साठून राहते. या थरावरच येथील विहिरी व बागायत अवलंबून आहे. त्याच्या पुनर्भरणास बावखळे म्हणजे वाड्यांतील छोटी तळी साहाय्यभूत होत.

प्राचीन काळी शूर्पारक (सध्याचे सोपारा) हे भरभराटलेले बंदर होते. तेथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये ती जिंकली. दुसरा बाजीराव व इंग्रज यांच्यातील तह (३१ डिसेंबर १८०२) येथेच झाला.

तालुक्यात सामवेदी (कुपारी) व वाडवळ ख्रिस्ती, हिंदू वाडवळ, आगरी, कोळी, वारली इ. समाज असून कादोडी व वाडवळी या बोली प्रचलित आहेत. केळी, नागवेलीची पाने, भाजीपाला व फुले ही बागायतीची प्रमुख उत्पादने होत. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी प्रसिद्ध आहेत. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर येथे मासेमारी चालते. गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत लघुउद्योग एकवटले आहेत.

विरारहून मुंबईस उपनगरी गाडी १८६७ मध्ये सुरू झाली. वसईचा भाजीपाला व फुले रेल्वेनेच मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. पुढे त्याच मार्गाने वस्तीही आली. मुंबईतील जागांच्या किमती न परवडणारी कुटुंबे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठ्या संख्येने नालासोपारा, विरार व नवघर-माणिकपूर येथे स्थायिक झाली. त्यांतील बहुसंख्य नोकरदार रोज मुंबईस ये-जा करतात. चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांचे ग्रामीण स्वरूप व हिरवा पट्टा नष्ट होईल, या भीतीने अनेक गावांनी या समावेशास विरोध केला.

या वाढीतून उद्भवलेला मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. बांधकामे व टँकर यांसाठी विहिरींतून पाण्याचा अतिरिक्त उपसा होऊ लागला, तर बावखळे बुजवली गेल्याने भूजलाचे पुनर्भरण घटले. गोडा थर पातळ झाला की खालचे खारे पाणी वर चढते व विहीर बागायतीस निरुपयोगी ठरते. हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या नेतृत्वाखाली हा प्रश्न लावून धरला. सध्या शहरास पेल्हार व उसगाव येथील धरणांतून आणि सूर्या प्रकल्पातून पाणी मिळते. मात्र सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर परिसरातील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी होता. त्यामुळे शहराची गरज त्यांच्या हिश्शातून भागवली जाते. बावखळे व पाणथळ जमिनी यांच्या रक्षणावर येथील बागायतीचे भवितव्य अवलंबून आहे.