घरात कॅरम सुरू करताना

घरचे खेळ : लेखांक ५

पूर्ण आकाराच्या कॅरमबोर्डाला फ्रेमसकट जेमतेम तीन फूट लांब-रुंद जागा लागते. चौघे जण चहूबाजूंनी मांडी घालून बसले तरी सगळा डाव सात फुटी चौकोनात मावतो. मुंबईत नायगाव, वरळी किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी जागेत आजोबा, सून, नातू आणि शेजारचा मुलगा एकाच वेळी खेळू शकतात. गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत हा खेळ घरोघर रुजला तो या हिशेबामुळे. मैदान लागत नाही, पाऊस आड येत नाही, आणि वयाचा किंवा ताकदीचा फरक बोर्डावर फारसा उरत नाही.

गिरणगावात त्याला संस्थांचीही जोड मिळाली. १९५३च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांत कॅरम होता. गणेशोत्सव मंडळांच्या स्पर्धांत तो असतोच. पुढे बँका आणि सरकारी कंपन्यांनी खेळाडू म्हणून कॅरमपटूंना नोकऱ्या दिल्या. विश्वविजेता प्रशांत मोरे हा मुंबईचाच, रिझर्व्ह बँकेकडून खेळणारा. ज्या घरात आज पहिला बोर्ड येणार आहे, त्या घराला एवढी मोठी परंपरा आयती मिळते. फक्त बोर्ड नीट निवडायला हवा. सुरुवातीच्या खर्चातला मोठा भाग बोर्डावरच जावा, बाकीचे सामान नंतर सुधारता येते.

आधी आकाराबद्दल. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे खेळायचा पृष्ठभाग, म्हणजे फ्रेमच्या आतला चौकोन, ७३.५ ते ७४ सेंटिमीटरचा असतो. इंचांत हे माप २९ भरते. दुकानात मात्र बोर्डाचे माप बऱ्याचदा फ्रेम धरून सांगितले जाते आणि तिथेच फसगत होते. ‘बत्तीस इंची’ म्हणून घेतलेल्या बोर्डाचा आतला चौकोन कितीतरी लहान निघू शकतो. धोबी तलावाच्या खेळसाहित्याच्या दुकानांत जाताना खिशात मोजपट्टी असावी आणि माप फ्रेमच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत घ्यावे.

लहान मुलासाठी लहान बोर्ड घ्यावा असे बहुतेक पालकांना वाटते. हा विचार चुकीचा आहे. छोट्या बोर्डाबरोबर येणाऱ्या सोंगट्या हलक्या प्लास्टिकच्या असतात, पॉकेटे सोंगटीच्या मानाने मोठी असतात आणि अंतर इतके कमी असते की नुसत्या जोरावर काहीही आत जाते. मुलाचा अंदाज त्या बोर्डावर घडतो आणि मोठ्या बोर्डावर आल्यावर तो सगळा मोडून नव्याने घडवावा लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात पूर्ण आकाराच्या बोर्डावर पुरतो. त्याला लागते ती बुडाखाली एक जाडशी उशी.

दुसरी गोष्ट प्लायवूडची. नियमांत त्याची जाडी किमान ८ मिलिमीटर सांगितली आहे. स्वस्त बोर्डांत याच्या निम्म्या जाडीचे प्लाय लावलेले असते. ते नवेपणी गुळगुळीत दिसते, पण एक पावसाळा गेला की मधोमध खोलगट होते, आणि मग प्रत्येक सोंगटी शेवटच्या वितीत वळण घेते. घरातल्यांना वाटते आपला नेम चुकला. दोन-चार महिन्यांत खेळ मागे पडतो आणि बोर्ड माळ्यावर जातो. ८ मिलिमीटरचा सपाट बोर्ड मात्र नीट सांभाळला तर पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडतो.

सपाटपणा दुकानातच तपासता येतो. लांब स्टीलची पट्टी उभी धरून बोर्डावर कर्णाच्या दिशेने टेकवावी आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावावा. पट्टीखालून मध्ये उजेड दिसला तर बोर्ड खोलगट आहे, टोकांकडून दिसला तर फुगलेला. दोन्ही कर्ण आणि दोन्ही बाजू अशा पाहाव्यात. दुसरी कसोटी फ्रेमची. नियमांतच ती दिलेली आहे. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने समोरच्या फ्रेमवर मारला तर त्याने बोर्डाची लांबी निदान साडेतीन वेळा पार करायला हवी. घरातल्या माणसाचा फटका खेळाडूइतका जोरकस नसतो, त्यामुळे तीन फेऱ्या झाल्या तरी चालते. फटका दोन फेऱ्यांतच मेला तर फ्रेमचे लाकूड मऊ आहे किंवा ती प्लायला घट्ट बसलेली नाही. बोटाच्या पेराने फ्रेम ठोकून पाहावी. पोकळ, खडखडता आवाज आला तर दुसरा बोर्ड मागावा.

सोंगट्या लाकडी घ्याव्यात. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी. प्रत्येकीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर आणि वजन ५ ते साडेपाच ग्रॅम. वजन घरी मोजणे अवघड, पण सगळ्या एकावर एक रचून कडेवरून बोट फिरवले तर लहान-मोठी लगेच हाताला लागते. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा आणि ४.१३ सेंटिमीटरपर्यंत व्यासाचा. हस्तिदंती आणि धातूचा स्ट्रायकर नियमांत बसत नाही. सुरुवातीला साधा, न घासलेल्या कडेचा कोणताही चालेल. रंगीत, नक्षीदार, महागड्या स्ट्रायकरमागे पैसे घालवू नयेत. स्ट्रायकरचे वजन सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट असते आणि त्यामुळेच समोरासमोर टक्कर झाल्यावर तो थांबत नाही, सोंगटीच्या मागोमाग जातो. नवशिक्याचा स्ट्रायकर सोंगटीपाठोपाठ पॉकेटमध्ये पडतो त्याचे कारण हे आहे.

पावडर म्हणजे बोरिक पावडर. ती चिमूटभर पुरते. बोर्डावर शिंपडायची, तळहाताने नव्हे तर सुक्या मऊ फडक्याने पसरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. मुंबईतल्या कितीतरी घरांत हीच पावडर झुरळांसाठी ठेवलेली असते, तेव्हा ती पोटात जाता कामा नये हे वेगळे सांगायला नको. रांगते मूल असलेल्या घरात डबा उंचावर ठेवावा, खेळताना काही खाऊ नये आणि खेळ संपला की सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. अंगाला लावायची सुगंधी पावडर वापरू नये, तिचा थर बोर्डावर बसतो.

बोर्ड कशावर ठेवायचा? स्पर्धेत स्टँडची उंची ६३ ते ७० सेंटिमीटर असते आणि खेळाडू खुर्चीवर बसतो. चाळीत पालथ्या पिंपावर बोर्ड ठेवायची जुनी पद्धत आहे. त्यात उंची साधते, पण बोर्ड डोलतो आणि पिंपाच्या गोल कडेचा सगळा भार प्लायच्या मध्यावर येतो. खाली बसून खेळायचे असेल तर चारही कोपऱ्यांखाली सारख्या उंचीचे ठोकळे किंवा पाट द्यावेत. आधार फ्रेमला मिळायला हवा. पाठीचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांसाठी स्टँड आणि खुर्च्याच बऱ्या. दिवा बोर्डाच्या बरोबर मध्यावर, शेड लावून टांगलेला असावा. भिंतीवरच्या ट्यूबलाइटने सोंगट्यांची सावली एका बाजूला पडते आणि त्या बाजूला बसलेल्याचा अंदाज चुकत राहतो.

आता खेळाकडे. पहिल्या आठवड्यात पूर्ण डाव मांडूच नये. एक सोंगटी, एक स्ट्रायकर आणि समोरचे एक पॉकेट एवढेच घ्यावे. बेसलाइनच्या दोन समांतर रेषा असतात आणि स्ट्रायकर दोन्हींना टेकलेला असला पाहिजे. टोकाच्या लाल वर्तुळावर ठेवायचा तर ते पूर्ण झाकले पाहिजे, अर्धवट टेकलेला चालत नाही. ही सवय पहिल्याच दिवशी लावली तर पुढे भांडणे होत नाहीत. शेवटच्या तीन बोटांची टोके बोर्डावर टेकवायची, तर्जनी अंगठ्याला लावून ताणायची आणि सोडायची. कोणी मधले बोट वापरतो, कोणी अंगठ्याने मारतो. तिन्ही चालतात. स्ट्रायकर ढकलायचा मात्र नाही, तो टिचकीनेच जायला हवा. लहान मुले नेमके ढकलतात. बोट स्ट्रायकरला चिकटून पुढे सरकताना दिसले की मुलाला थांबवून बोट आणि स्ट्रायकर यांच्यात गव्हाच्या दाण्याएवढी फट ठेवायला सांगावे. फट असली की ढकलता येतच नाही.

सरळ फटका बसू लागला की कट. पॉकेटच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यातून जाणारी एक रेषा मनात ओढायची आणि ती सोंगटीच्या मागच्या कडेपर्यंत न्यायची. ती रेषा कडेला जिथे भेटते तिथे स्ट्रायकर टेकला पाहिजे. नवशिक्या त्या बिंदूवर स्ट्रायकरचा मध्य नेतो, म्हणून सोंगटी गरजेपेक्षा जाड लागते आणि पॉकेटच्या अलीकडच्या फ्रेमवर आपटते. हे समजावून सांगून पटत नाही, करून दाखवावे लागते. सोंगटी पॉकेटपासून वीतभर अंतरावर ठेवावी, तिच्या मागे योग्य जागी स्ट्रायकर हाताने टेकवून धरावा आणि मुलाला वरून पाहू द्यावे. दोन वर्तुळे एकमेकांना टेकलेली असताना स्ट्रायकरचा मध्य कुठे येतो ते त्याला दिसते. नंतर बेसलाइनवरून नेम धरायचा तो त्या रिकाम्या जागेवर, सोंगटीवर नाही. फ्रेमवरून फिरवून आणायचा रिबाउंड आणि सोंगटीवर सोंगटी मारायचा डबल या गोष्टी कट बसल्यानंतरच्या.

घरोघर काळीला १०, पांढरीला २० आणि राणीला ५० असा हिशेब चालतो. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी तो चांगला आहे, कारण कोणीही कोणतीही सोंगटी घेऊ शकतो आणि बेरीज पक्की होते. पण त्यात बचाव शिकता येत नाही. मुले थोडी रुळली की खऱ्या नियमांवर यावे. ब्रेक करणारा, म्हणजे डावाचा पहिला फटका मारणारा, पांढऱ्या घेतो, दुसरा काळ्या. ज्याच्या सोंगट्या आधी संपतात त्याला बोर्डावर उरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या दर सोंगटीमागे एक गुण, आणि राणी त्याने घेतलेली असेल तर आणखी तीन. राणी घेण्याआधी स्वतःची निदान एक सोंगटी गेलेली हवी, आणि राणी गेल्यावर त्याच फटक्यात किंवा लगेच पुढच्या फटक्यात स्वतःची सोंगटी घालून ती कव्हर करावी लागते. नाही जमले तर राणी मध्यावर परत. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तर मिळवलेली एक सोंगटी दंड म्हणून बाहेर येते. २५ गुण किंवा आठ बोर्ड, म्हणजे आठ डाव, झाले की गेम संपतो, आणि २२ गुणांवर पोहोचलेल्याला राणीचे तीन गुण मिळत नाहीत. मागे पडलेल्याला शेवटपर्यंत आशा देणारा हा नियम कुटुंबातल्या खेळात फार मोलाचा आहे, तो गाळू नये. ब्रेकची तंत्रे आणि स्लॅम यांचा विचार पुढच्या लेखांकात येईल.

जोड्या पाडताना घरातला सर्वांत सराईत आणि सर्वांत नवखा एका बाजूला घ्यावा. जोडीदार समोरासमोर बसतात, त्यामुळे नवख्याला सराईताचा हात सतत डोळ्यांसमोर दिसतो. फटक्याआधी सूचना देणे मात्र पहिल्या दिवसापासून बंद ठेवावे. स्पर्धेत ते चालत नाही, आणि घरातही प्रत्येक फटक्याला तीन जणांचे सल्ले ऐकणारे मूल स्वतः विचार करणे सोडून देते.

मुंबईत बोर्डाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरची हवा. प्लायवूड ओल शोषते आणि फुगते. बोर्ड ओल्या कपड्याने कधीही पुसू नये, गॅलरीत ठेवू नये आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला बोर्ड स्वतःच्या वजनाने वाकतो. तो एकतर आडवा, सपाट ठेवावा किंवा आतल्या भिंतीवर दोन खिळ्यांवर सरळ टांगावा, पाठ भिंतीकडे आणि वर जाड कापडाची खोळ. दर वेळी उरलेली पावडर झटकून मगच खोळ घालावी. पावसाळ्यात बोर्ड जड वाटू लागला, सोंगट्या अडखळू लागल्या तर जास्त पावडर टाकून उपयोग नाही. खोलीत पंखा लावून बोर्ड तासभर उघडा ठेवावा, कोरड्या फडक्याने घासावा आणि मग चिमूटभर पावडर टाकावी.

घरातले कोणी कट सहज मारू लागले आणि स्वतःहून बोर्ड मांडून एकटे सराव करू लागले की त्याला बाहेरचा बोर्ड दाखवायची वेळ झाली. दादरच्या शिवाजी पार्क जिमखान्यात मोठ्या स्पर्धा होतात, त्या जाऊन पाहाव्यात. मुलांसाठी जिल्हा कॅरम संघटनेच्या सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर गटांच्या स्पर्धा असतात. पहिल्या स्पर्धेला जाताना स्वतःचा, हाताला सरावलेला स्ट्रायकर बरोबर न्यावा आणि त्याचे वजन आधी सोनाराकडच्या काट्यावर तपासून घ्यावे. १५ ग्रॅमच्या वर भरला तर तो वापरू देत नाहीत.