आधी बोटांत फिरवा, मग उपटा

मृगाच्या चार चांगल्या सरी पडल्या की गच्चीवरच्या कुंडीत पेरलेली कोथिंबीर राहते बाजूला आणि भलतंच काहीतरी जोमानं वर येतं. हे कुणी लावलं? वारा, चिमण्या, मुंग्या यांचा हात असतोच. पण बरंचसं बियाणं आपणच पैसे मोजून आणलेलं असतं, नर्सरीच्या मातीतून आणि शेणखतातून.

मग ते इतके दिवस गप्प का होतं? पुष्कळ तणांच्या बियांना नुसती ओल पुरत नाही, उजेडही लागतो, आणि तोही ठरावीक. बीमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. तांबडा प्रकाश पडला की ते रुजायची परवानगी देतं. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या उजेडातला तांबडा भाग पानांनी आधीच शोषलेला असतो. तसा उजेड पडला की बी थांबून राहते. ना डोळे, ना मेंदू, तरी वर मोकळं आभाळ आहे की दुसऱ्या कुणाची सावली, हे खसखशीएवढ्या बीला कळतं! आपण खुरपीनं माती वरखाली करतो तेव्हा काही बियांना क्षणभराचा उजेडही पुरतो. म्हणजे निंदणी करता करताच आपण पुढच्या पिढीला उठवत असतो.

या बियांची चिकाटी किती? अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली वाळूत मिसळलेल्या बियांच्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यांतली एक २०२१ मध्ये उकरली. १४२ वर्षांनंतरही त्यातल्या काही बिया रुजल्या. शेवटची बाटली २१०० साली काढायची आहे.

आता ओळखीचं बोलू. उगवल्या उगवल्या ओळखायची घाई करू नका. पहिली पानांची जोडी ही बीमधलीच दलं असतात आणि ती बहुतेकांची सारखीच दिसतात. तिसरं-चौथं पान येऊ द्या. त्यानंतरही नुसतं बघण्यापेक्षा हात लावून जास्त कळतं.

गवतासारखं काही दिसलं तर त्याचा फुलाचा दांडा चिमटीत धरून फिरवा. तीन धारा लागल्या तर ते गवत नव्हेच, तो लव्हाळा. १९७७ साली जगातल्या तणांचा मोठा आढावा निघाला, त्यात सर्वांत वाईट तणाचा मान यालाच मिळाला. जमिनीखाली बारीक तारेसारख्या खोडांनी जोडलेल्या गाठींची माळ असते. टोकाची गाठ मागच्यांना फुटू देत नाही. आपण हिसका देऊन उपटतो, माळ तुटते, आणि मागच्या गाठी मोकळ्या होऊन फुटू लागतात. तीच गाठ ठेचून वास घ्या: दिवाळीच्या उटण्यातला मोथा!

देठ मोडून पांढरा चीक आला आणि समोरासमोरची पानं तांबूस असली तर बहुधा दुधी. चिकाचा हात डोळ्याला लावू नका. पानं चिंचेसारखी आणि डहाळी उलटी केल्यावर खाली इवल्या आवळ्यांची रांग दिसली, तर भुईआवळी. तीन बदामी पानांची आंबुशी असेल तर तिच्या पिकल्या शेंगेला हळूच बोट लावा. बिया टपाटप उडतात. प्रत्येक बीभोवतीचं पांढरं आवरण ताणलेलं असतं, ते झटक्यात उलटं होतं आणि बीला बाहेर फेकतं. पोरांना एकदा दाखवलं की कुंडीतली आंबुशी तुमच्या हाती लागणार नाही.

माझा सगळ्यांत लाडका मात्र केना. लंबगोल पान, पानाच्या तळाशी खोडाला कवटाळणारं आवरण, त्यावर तांबूस लव, आणि सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारं निळं फूल. एवढ्यावर ओळख पटते. तरी एक झाड मुळासकट अलगद काढून माती धुवा. मुळांजवळ फिकट, बारीक फाटे दिसतील आणि त्यांवर कळ्या. हो, जमिनीच्या आत फुलं! ती कधीच उमलत नाहीत. ना रंग, ना मधमाशी. मिटल्या कळीतच परागण होतं आणि बी धरतं. वर निळं फूल भुंग्या-माश्यांसाठी, खाली ही गुपचूप तजवीज. जमिनीवर मोठ्या आणि लहान, जमिनीखालीही मोठ्या आणि लहान, अशा चार तऱ्हेच्या बिया एकच झाड करतं. अमेरिकेत जॉर्जियाच्या कापूसवाल्यांना यानं जेरीस आणलं, कारण ग्लायफोसेटसारख्या तणनाशकालाही तो सहजी दाद देत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात त्याच्या पानांची भजी करतात. मला जॉर्जियाकरांची कीव येते.

एकाला मात्र हात लावू नका. झेंडूचं किंवा शेवंतीचं रोप म्हणून कौतुकानं पाणी घातलेलं पुष्कळदा गाजर गवत निघतं. झेंडूची पानं सुरुवातीला समोरासमोर येतात आणि उजेडाकडे धरली की त्यांत तेलाचे ठिपके चमकतात. गाजर गवताची पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरतात, ठिपके नसतात. पुण्यात १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर गेलं. त्यानं अंगाला खाज सुटते, त्वचा सुजते. म्हणून हातमोजे घालून, फुलायच्या आत, मुळासकट काढा. पानांवर फिक्कट पाठीचा, गर्द पट्ट्यांचा छोटा भुंगा दिसला तर त्याला मारू नका. तो मेक्सिकोहून मुद्दाम आणून १९८४ मध्ये बंगळुरूला सोडलेला, गाजर गवत खाणारा. कोरड्या महिन्यांत तोही मातीत दडी मारतो आणि पावसाबरोबर वर येतो.