कानात ब्लूटूथ आहे म्हणून सुटका नाही

‘हातात फोन नव्हता, कानात ब्लूटूथ होतं. मग माझी चूक कशी?’ हे इतक्या ठसक्यात विचारलं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं, हँड्सफ्रीवाल्यांना कायद्याने अभयच दिलंय. तसं काही दिलेलं नाही.

या समजाचा उगम सापडतो. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की गाडी चालवताना नुसतं फोनवर बोलणं हा केरळ पोलीस कायद्याच्या संबंधित कलमाखाली गुन्हा होत नाही. प्रश्न एका राज्याच्या एका कलमाचा होता. बातमी मात्र ‘कोर्टाने परवानगी दिली’ अशी फिरली. पुढच्याच वर्षी मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ बदललं आणि हातात धरलेल्या फोनचा वापर थेट धोकादायक ड्रायव्हिंगच्या यादीत आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यातलं ‘हातात धरलेला’ एवढंच लोकांनी पाठ केलं. त्याच यादीच्या शेवटी आणखी एक तरतूद आहे: सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच बेफिकीर आणि उघडपणे धोक्याचं असं कोणतंही ड्रायव्हिंग. तिथे हात मोकळे होते का, हे विचारलेलंच नाही.

मुळात चलान वेगळं आणि अपघाताची जबाबदारी वेगळी. हँड्सफ्रीमुळे कदाचित चलान टळेल. पण माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ पुढे येतं. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली कमाल शिक्षा दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षं झाली आहे. या कलमात फोनचा उल्लेखही नाही. तुम्ही निष्काळजीपणे वागलात का, एवढंच बघितलं जातं. समोरून रस्ता ओलांडणारी बाई दिसली नाही, कारण लक्ष बोलण्यात होतं, ही सबब नव्हे. हा कबुलीजबाब आहे.

लक्ष कानातून जात नाही असं वाटत असेल, तर टोरोंटोतला १९९७ चा प्रसिद्ध अभ्यास बघा. फोनवर बोलताना अपघाताचा धोका साधारण चौपट आढळला आणि हँड्सफ्रीने तो कमी झाल्याचं दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हँड्सफ्री फार सुरक्षित मानत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तेवढ्या वेळात ‘हं, बोल’ म्हणून होतं, ब्रेक लागत नाही.

आता उरलेले समज, थोडक्यात.

‘फोनवर होतो हे सिद्ध कोण करणार?’ कॉलचा तपशील मोबाइल कंपनीकडे असतो आणि पोलीस तो मागवू शकतात. भरपाईच्या दाव्यात तर फौजदारी खटल्याइतका कडक पुरावाही लागत नाही. फौजदारी खटल्यातून सुटलात म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जिंकलात असं नाही.

‘विमा आहे, ते बघून घेतील.’ थर्ड पार्टी विमा भरपाई देतो, तुमच्याऐवजी तुरुंगात जात नाही. लायसन्स वैध नसेल तर दिलेली रक्कम तुमच्याकडून वसूलही होऊ शकते.

‘गाडी ड्रायव्हर चालवत होता, मालकाचा काय संबंध?’ कामावर असलेल्या ड्रायव्हरच्या चुकीची भरपाई मालकाच्याही माथी येते. ‘कुठे पोहोचलास?’ म्हणून दर दहा मिनिटांनी त्याला फोन करणाऱ्या मालकांनी हे ध्यानात ठेवावं.

‘मॅप तर चालतो!’ चालतो. २०२० च्या नियमदुरुस्तीने फक्त रस्ता बघण्यासाठी परवानगी आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन यात बसत नाही.

‘पादचारीच फोनवर होता.’ असेल. त्याची चूक सिद्ध झाली तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. तुमच्या वाट्याची चूक त्याने पुसली जात नाही.

‘थांबलो तर लोक मारतील, म्हणून निघालो.’ जमावाची भीती खरी असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने ती गृहीत धरलेलीही आहे. पण मग सरळ पोलीस ठाणं गाठायचं, घर नाही.